आजाऱ्यांच्या यादीबाहेरची माणसे



मिस्सेत आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. पण ज्याचे नाव त्या यादीत नाही तो मनाने सुखरूप आहे, असे आपण धरून चालतो. ही मोजणी मला अपुरी वाटते.

स्कॉटलंडमध्ये किती लोक मनाने आजारी आहेत एवढेच न पाहता, किती लोक मनाने सुदृढ आहेत हेही मोजायचे ठरले. त्यासाठी वॉरिक आणि एडिनबरा विद्यापीठांतील अभ्यासकांनी १४ विधानांची प्रश्नावली तयार केली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात आजाराची लक्षणे नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत पुढच्या दिवसांविषयी आशा वाटली का, आपला कोणाला उपयोग आहे असे वाटले का, माणसांशी जवळीक वाटली का, असे तिचे स्वरूप आहे. एकूण गुण १४ ते ७०. ते एखाद्याच्या आजाराचे निदान करण्यासाठी नाहीत. सगळ्या समाजाचे मन कसे आहे हे पाहण्यासाठी आहेत.

मनाच्या आरोग्यावर कशाकशाचा परिणाम होतो, याचीही तिथे यादी केली गेली. तिच्यात अध्यात्म आहे, याचा आपल्याला आनंद वाटेल. पण त्याच यादीत शेजाऱ्यांवरचा विश्वास, अडचणीतला आधार, पैशाची चणचण, नोकरीतली परिस्थिती, भेदभाव आणि हिंसाही आहे. म्हणून खचलेल्या माणसाला “तुझी श्रद्धा कमी पडते” असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

राजांच्या पहिल्या ग्रंथाचा १९ वा अध्याय उघडून पाहा. एलिया झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला दोष दिला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. पुढे देवाने त्याला काम सोपवले, तो एकटा नाही हे सांगितले आणि अलीशासारखा सोबती दिला. पोटाला अन्न, हाताला काम, सोबतीला माणूस.

आपल्या धर्मग्रामातही हेच विचारले पाहिजे. वर्गणीपलीकडे आपण कोणाच्या घरी जातच नाही? कोणत्या विधवेला, निवृत्त माणसाला, बेकार तरुणाला आपण एकही जबाबदारी दिलेली नाही? मनाच्या आजारावर औषध घेणारी व्यक्तीही आनंदाने, उपयोगी जीवन जगू शकते. तिचे उपचार चालू राहोत, आणि वाचनाच्या, गायनाच्या यादीत तिचे नावही असो.

प्रभू आपल्याला एकमेकांची विचारपूस करणारी मने देवो.