ख्रिस्तपुराण वाचायचंय? आधी प्रत नीट निवडा

मराठीचा गौरव करणारी फादर थॉमस स्टीफन्स यांची ओवी बहुतेकांना पाठ असते. ‘माझी मातृभाषा’ या निबंधात ती हमखास येते. पण ती ज्या ग्रंथातली आहे, तो ‘ख्रिस्तपुराण’ किती जणांनी उघडून पाहिलाय? फार थोड्यांनी. माझ्या मते यात मुलांच्या आळसापेक्षा हातात पडलेल्या चुकीच्या प्रतीचा दोष जास्त आहे.

स्टीफन्स मूळचे इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्यात आले, साष्टीत राहिले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं हे पुराण त्यांनी मराठीत रचलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं ते मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे तिथे नव्हते. खरी गोम इथेच आहे. रोमन अक्षरांवरून ‘न’ की ‘ण’, ‘त’ की ‘ट’ हे दर वेळी कळतंच असं नाही. म्हणून देवनागरी प्रत काढणाऱ्या संपादकाला जागोजागी स्वतःच निर्णय घ्यावा लागतो. त्यात लंडनच्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित आहे, त्याची शब्दकळा अधिक संस्कृत वळणाची. तेव्हा ‘अस्सल मूळ प्रतच हवी’ हा हट्ट नवख्या वाचकाने धरू नये.

मंगळूरची १९०७ ची सालढाणा यांची प्रत रोमन लिपीत आहे. ती अभ्यासकांची. पहिल्याच दिवशी ती मुलांपुढे ठेवली, की मुलं संपली! शांताराम बंडेलू यांची १९५६ ची पुण्याची प्रत देवनागरीत आहे; ज्ञानेश्वरी किंवा एकनाथी भागवत थोडंफार वाचलेल्यांना ती जमेल. नेल्सन फलकाव यांच्या २०१२ च्या प्रतीत इंग्रजी भाषांतर आहे. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना तिचा मोह होतो, पण मग डोळा इंग्रजीवरच राहतो आणि ओवी बाजूला पडते.

सुरुवातीला घ्यावी ती फलकाव यांचीच २००९ ची. ओव्या देवनागरीत आणि सोबत आजच्या मराठीत गद्य अर्थ. ‘अर्थ दिला की मुलं ओवी वाचतच नाहीत’ असं काही शिक्षक म्हणतात. मला हे पटत नाही. आपण ज्ञानेश्वरीसुद्धा ‘सार्थ’च घेतो ना?

आमच्या बोरीवलीत हा प्रश्न नुसता परीक्षेचा नाही. मंडपेश्वरच्या शैव लेण्यांच्या डोक्यावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष उभे आहेत. गोराईच्या ईस्ट इंडियन घरांत मराठीच्या जवळची बोली बोलतात. वर्गात या घरची मुलं असतात, तशीच आजीकडून हरिविजय ऐकलेली मुलंही असतात. ख्रिस्तपुराणाचा विषय पहिल्यांच्या ओळखीचा, ओवी दुसऱ्यांच्या. एका बाकावर बसून वाचता येईल असं असं पुस्तक मराठीत दुसरं कुठलं?

आणि हो, पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं काही नाही. पहिलं पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होतं आणि लांबत जातं. दुसऱ्यात येशूचं चरित्र आहे, तिथून सुरू करा. ओवी आधी मोठ्याने म्हणा, मग अर्थ पाहा. दुकानात प्रत मिळाली नाही तर ग्रंथालयात मागणी नोंदवा, आणि नोंदवताना संपादकाचं नाव लिहायला विसरू नका. नुसतं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं तर कुठली प्रत येईल याचा नेम नाही.