आवाज ओळखीचा हवा

चिकलठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला लोक ‘मिनी घाटी’ म्हणून ओळखतात. झोप येत नाही, जीव कशातच रमत नाही, एवढ्या तक्रारीसाठी सोयगावकडील एखाद्या वाडीवरून वृद्धेने तेथवर येणे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. साहजिकच ती येत नाही. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आलेले नाही. या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा स्वागतार्हच मानली पाहिजे.

परंतु खेड्यात फोन बहुधा मुलाच्या खिशात वा सुनेच्या हाती असतो. सुनेविषयीचे दुःख सुनेच्याच फोनवरून, ओसरीवर बसून, अनोळखी आवाजाला कसे सांगावे? एकदा लावलेला फोन म्हणजे उपचार नव्हे. तेच माणूस आठवड्यामागून आठवडे बोलत राहिले तरच मन उकलते.

गोव्यात साठीपुढील १८१ व्यक्तींवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने मोलाचा आहे. तेथील समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षित सामान्य माणसे होती. अडचणींतून वाट काढायला ते शिकवीत, झोपेच्या सवयी सुधारीत आणि (हे विशेष) शासकीय योजनांचा लाभ मिळवायलाही मदत करीत. वर्षभरात त्यांच्या गटातील ९१ जणांपैकी चौघांना नैराश्याचा आजार जडला. दुसऱ्या गटातील ९० जणांपैकी तेरा जणांना. झोपेच्या गोळीने उतारवयात तोल जाऊन हाड मोडण्याचा धोका असतो, तो येथे नाही.

योजनांच्या मदतीला उपचारात स्थान मिळाले, हे आपल्या आरोग्य खात्याने नीट वाचावे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत उमेद घालवलेल्या कामगारासाठी १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले ते दरमहा १००० रुपये! श्रावणबाळ योजनेचे २०२३ साली १५०० झाले. एवढ्यात औषध आणि किराणा भागवणाऱ्याला ‘चिंता करू नका’ असे फोनवर सांगणे ही क्रूर थट्टा होय.

तेव्हा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रामागे निदान एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक नेमला जावा; पहिली भेट त्याने घरी जाऊन घ्यावी, पुढील संवाद फोनवर करावा आणि निवृत्तिवेतनाचा अर्जही त्यानेच भरून द्यावा. ‘स्वयंसेविका’ म्हणवून मानधनावर राबवल्या जाणाऱ्या आशा ताईंच्या डोक्यावर हा आणखी एक भार टाकून शासनाने मोकळे होऊ नये.