जिल्ह्याचे लोकमत कोण जपणार?

छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा १ मार्च २०२४ रोजी इतिहासजमा झाला आणि नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा अमलात आला. जुन्या कायद्यान्वये पत्र काढू इच्छिणाऱ्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे 'डिक्लेरेशन' करावे लागे. आता अर्ज संगणकावरून थेट दिल्लीच्या निबंधकाकडे जातो. हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. परंतु नोंदणी सुलभ झाली म्हणजे लहान गावातले वृत्तपत्र जगते, असा समज कोणी करून घेऊ नये. ते जगते निराळ्याच बळावर. ते बळ कोणते, हे यवतमाळच्या वृत्तपत्रांच्या इतिहासावरून उमगते.

यवतमाळात छापील पत्राची वाट प्रथम पाडणाऱ्यांत पृथ्वीगीर हरिगीर गोसावी यांचे 'हरिकिशोर' येते. विसाव्या शतकाच्या आरंभीचा तो काळ. पुढे पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास, १९१८-१९ मध्ये, मूळचे वणीचे आणि यवतमाळात वकिली करणारे माधव श्रीहरी अणे यांनी 'लोकमत' साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव लोकमान्य टिळकांनी सुचवलेले. सरकारचे मत आणि लोकांचे मत या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढा अर्थ त्या एका शब्दात भरलेला होता.

त्या वेळचे यवतमाळ म्हणजे कचेऱ्या, न्यायालय, कापसाचा बाजार आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने. अशा गावात संपादकाला अनामिक राहता येत नाही. ज्या तहसीलदाराविरुद्ध लिहायचे तो सायंकाळी रस्त्यात भेटतो, ज्या अडत्याचे वजनमाप उघडे पाडायचे त्याचीच जाहिरात अंकात असते. वर १९१० च्या छापखाना कायद्याची टांगती तलवार. नव्या छापखान्याच्या मालकाकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागण्याची आणि मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास तो जप्त करण्याची मुभा त्या कायद्याने सरकारला दिली होती. लहान छापखान्याला तेवढी रक्कम म्हणजे सर्वस्वच. १९२२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत मत मांडण्याची किंमत अशी रोख मोजावी लागे.

ती मोजण्याची तयारी अण्यांच्या स्वभावात होती. ते टिळकांचे अनुयायी, पण अंधानुयायी नव्हेत. गांधीजींच्या असहकाराच्या कार्यक्रमाविषयी त्यांचे मतभेद होते. तरीही १९३० मध्ये कायदेभंगाची हाक येताच १० जुलै रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी अटक पत्करली. पुढे जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते मालवीयांसमवेत काँग्रेसपासून वेगळे झाले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी तेथून राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांची प्रत्येक भूमिका आज आपल्याला पटेलच असे नाही. पण आपले मत आपल्या सहीनिशी मांडायचे आणि त्याचे परिणाम आपणच सोसायचे, हे सूत्र त्या सर्वांत एकच आहे. लहान गावातले पत्र जगते ते याच बळावर.

अण्यांचे साप्ताहिक पुढे बंद पडले. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी तेच नाव घेऊन यवतमाळातून ते पुन्हा काढले आणि १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुरातून त्याचे दैनिक झाले. आज ते महाराष्ट्रातील मोठ्या वृत्तपत्रांपैकी एक आहे. एका तालुक्याएवढ्या वाचकवर्गातून एवढा वृक्ष वाढावा, याचा जिल्ह्याला अभिमान वाटणे स्वाभाविकच. मात्र वृत्तपत्रसृष्टी मोठी होत गेली तसे तिचे केंद्र जिल्ह्याबाहेर गेले, हेही तितकेच खरे. सर्वच मोठ्या दैनिकांची जिल्हा-पाने आज यवतमाळात येतात. त्यांत बातम्या पूर्वीपेक्षा पुष्कळ असतात; जिल्ह्याचे स्वतःचे मत मात्र क्वचितच असते. अग्रलेख बाहेर लिहिला जातो, आणि तालुक्याच्या वार्ताहराकडून बातमीइतकीच जाहिरातीचीही अपेक्षा असते.

याने काय बिघडते? २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना या जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. ऐन पावसाळ्यापासून रुग्ण दवाखान्यात दाखल होत होते. राजधानीचे लक्ष तिकडे वळले ते ऑक्टोबरात. सुटी सुटी बातमी आणि जिल्ह्याने एकमुखाने केलेला आक्रोश यांतले अंतर ते हेच. दुसरे उदाहरण जानेवारी २०१९ चे. यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. अखेर वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते उद्घाटन झाले, ही त्यातली एक उदात्त गोष्ट. पण 'लोकमत' ज्या गावात जन्मले त्या गावात, त्याच्या जन्माला शंभर वर्षे होत असताना, एका लेखिकेचे मत ऐकण्याची तयारी दिसू नये, ही विसंगती विसरण्यासारखी नाही.

या वारशाची कागदी बाजू तर अधिकच केविलवाणी आहे. प्रकाशित वृत्तपत्राची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयांकडे पाठवण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने पुस्तकांवर आले आणि १९५६ मध्ये वृत्तपत्रांना लागू झाले. त्यापूर्वीचे अंक जगले ते कोणाच्या तरी माळ्यावर वा वाड्यातल्या पेटीत. परकी सरकार मात्र देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे नियमितपणे करवून घेत असे. परिणामी, आपल्या आजोबांनी काय लिहिले हे पुष्कळदा पाळत ठेवणाऱ्याच्या दप्तरातून शोधावे लागते!

हे अटळ नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालवले आणि ते १९६७ पर्यंत टिकले. खेड्याला पत्र पेलत नाही, हा समज त्यांनी खोटा ठरवला. यवतमाळनेही दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. एक, शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी गावोगावचे जुने अंक हुडकून काढावेत, आणि जिल्हा ग्रंथालयाने व अमरावती विद्यापीठाने त्यांच्या प्रतिमा करून ते सर्वांस खुले करावेत. दुसरी, जिल्ह्यातले जे साप्ताहिक निर्भयपणे लिहिते त्याची वर्गणी वाचकांनी स्वतःच्या खिशातून भरावी. कारण वर्गणीवर जगणारे पत्रच जाहिरातदाराला नाही म्हणू शकते. संपादकाने सही करण्याचे धैर्य दाखवावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्या सहीमागे उभे राहण्याचे काम वाचकाचे असते, आणि ते कोणत्याही कायद्याने त्याच्याकडून करवून घेता येत नाही.