क्रियापदे उसनी कशाला?

डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या गाडीत अर्धा तास कान उघडे ठेवावेत, म्हणजे मराठी वाक्याची आज काय दशा झाली आहे हे कळून चुकते. "मुलीला क्लासहून पिकअप करते", "साहेबांकडे फॉलोअप घेतला", "त्यांचे ब्रेकअप झाले"! आणणे, पाठपुरावा करणे, फाटणे ही क्रियापदे काय वाटेत गाडीच्या दारातून खाली पडली?

परक्या शब्दांचा आम्हांस विटाळ नाही. 1853 च्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. पुढल्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. त्या काळच्या लोकांनी स्टेशन, तिकीट, सिग्नल हे शब्द बिनतक्रार घेतले, परंतु क्रियापदे घरचीच ठेवली. गाडी सुटते, लागते, चुकते, रुळावरून घसरते. वस्तू नवी म्हणून नाव परके. वाक्याचा कणा मात्र आपला. हीच खरी रीत होय.

आमचे प्रतिपक्षी म्हणतील, इंग्रजी जोडक्रियापदाचा सुटसुटीतपणा मराठीत नाही. हे निव्वळ अज्ञान आहे. एकटे 'बोलणे' घ्या. रागाच्या भरात मनुष्य बोलून बसतो, मन हलके करण्यास बोलून टाकतो, नकळत बोलून जातो आणि नापसंती असल्यास ती बोलून दाखवतो. पश्चात्ताप, सुटका, अनवधान, निर्धार हा सारा भेद एका इवल्याशा शब्दाने होतो. 'स्पीक आऊट केले' म्हणणारास यांतील काय अभिप्रेत असते? परकी क्रिया आली की तिला 'करणे', 'होणे', 'घेणे' यांची कुबडी लागते. आणि बसणे, टाकणे, जाणे ही आपली धडधाकट माणसे बेकार होतात.

शिवाय इंग्रज स्वतः काय करतो? आपल्याच घरगुती, आखूड क्रियांना 'अप', 'आऊट', 'ऑफ' जोडून तो लॅटिनच्या भारदस्त शब्दांवाचून रोजचा संसार चालवितो. त्याचे अनुकरणच करावयाचे तर या स्वाभिमानाचे करावे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. 2017 साली साहित्यसंमेलन डोंबिवलीत भरले, 2024 साली मराठीस अभिजात दर्जा मिळाला. दर्जा सरकार देऊ शकते. क्रियापद घरीच, जेवताखाताना मुलाच्या कानी पडावे लागते. 'बोलून बसलो' हे ज्याने कधी ऐकलेच नाही, त्यास आपली चूक कबूल करताना मराठी अपुरी वाटेल, आणि दोष मराठीच्या माथी बसेल. त्या दोषाचे खरे धनी आपण आईबाप आहोत.