तीन घरांची पाणंद

परवाच्या शब्दकोड्यात 'बर्फ' असा संकेत होता आणि घरे होती तीन. 'हिम' बसेना, त्याला दोनच घरे पुरतात. चहा पार निवला, तेव्हा कुठे 'तुहिन' आठवला. ज्याने फ्रीजबाहेर कधी बर्फ पाहिला नाही, त्याला हा शब्द आठवावा याची माझी मलाच गंमत वाटली.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आले. इंग्रजीत 'स्नो'ला चार घरे लागतात. मराठीत काना, मात्रा, जोडाक्षर सारे एकाच घरात नांदते, म्हणून आपल्या 'स्नो'ला एकच घर पुरते. शिवाय आमच्या लहानपणी स्नो आभाळातून पडत नसे. तो 'अफगाण स्नो'च्या बाटलीतून निघे!

बर्फाचे शब्द आपल्याला पुस्तकांनी दिले, वाटांचे मात्र पायांनी. १९८८ साली माझी बदली कोकणातल्या शाखेत झाली. मी देशावरचा. जेवणाच्या सुट्टीत 'दगडी पायऱ्यांची वाट, तीन अक्षरी' यावर अडून बसलो होतो. शाखेतला शिपाई म्हणाला, "साहेब, पाखाडी! रोज तीच उतरून तर बँकेत येता."

पाखाडी चढते-उतरते, साकव ओढा ओलांडतो, पाणंद शेतांमधून जाते, बोळ दोन घरांच्या मधून. चालणे कमी झाले तसे हे शब्दही मागे पडले. आता सगळ्यालाच आपण 'रस्ता' म्हणतो.

माझी दहा वर्षांची नात टोरांटोला असते. आपली रविवारची सकाळ म्हणजे तिची शनिवारची रात्र. तेव्हा आम्ही दोघे व्हिडिओ कॉलवर कोडे सोडवतो. मागच्या जानेवारीत तिने विचारले, "आजोबा, पाणंद म्हणजे काय?" मी सांगितले, "दोन्हीकडे शेतांची कुंपणे आणि मधून गाडीपुरती वाट." ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे बाबा फावड्याने बर्फ बाजूला करतात, तेव्हा दारापासून होते तशी? दोन्हीकडे ढीग, मधून वाट?"

मी थक्क झालो. तुहिन तिच्या दारात होता, पाणंद माझ्या गावात. दोघांची गाठ पडली ती तीन घरांच्या एका ओळीत.

शब्दकोडे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. बँकेत दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही, की खाते निष्क्रिय ठरते. पैसे बुडत नाहीत. पण खातेदाराने येऊन ते पुन्हा चालू करून घ्यावे लागते. शब्दांचेही तसेच आहे. कोशात ते सुरक्षित असतात, चालू मात्र आपणच ठेवायचे.

तेव्हा आजचे कोडे एकट्याने सोडवू नका. नातवंडांना जवळ बसवा. आणि एखादे घर रिकामे राहिलेच, तर उत्तर बघण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो कदाचित त्याच वाटेने शाळेत गेला असेल.