तार घेण्यापूर्वी दोन्ही टोके पाहा

1980 च्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आणला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. त्याची तार दूरचित्रवाणी संचाच्या अँटेनाच्या खोबणीत बसे. ही जुनी युक्ती आजही मोलाची आहे. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा पेडणे-डिचोलीकडील अनेक मुले मोबाइलच्या वीतभर पडद्यावर धडे वाचीत होती. मोठा संच मात्र भिंतीशी मुकाच होता.

संगणक व संच या दोहोंना एचडीएमआय खोबण असल्यास एकाच तारेतून चित्र व आवाज दोन्ही जातात. 1987 पासून रूढ झालेली पंधरा पिनांची व्हीजीए तार केवळ चित्र नेते. आवाजाची तार निराळी लावावी लागते. पाठीला फुगीर अशा जुन्या संचाला बहुधा पिवळी, पांढरी व तांबडी खोबण असते. तेथे नुसती तार चालत नाही. संकेत बदलणारे परिवर्तक यंत्र लागते, आणि तेही सामान्यतः एकाच दिशेने काम करते. त्या पडद्यावर दृश्य रेषा 576 च, म्हणून अक्षरे मोठी ठेवावीत.

तेव्हा वाचकहो, म्हापशाला तार आणावयास निघण्यापूर्वी दोन्ही खोबणी नीट पाहून घ्या. चवथीच्या साफसफाईत जुना संच भंगारात देण्याआधी, घरातील विद्यार्थ्याला तो उपयोगी पडेल काय, एवढे अवश्य विचारा.