बर्गर शाकाहारी, पण पथ्याचा नाही

संपादक महोदय,

'मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मटण सोडून खुशाल व्हेज बर्गर खावा' हा आपल्या आरोग्य पुरवणीतील सल्ला दिशाभूल करणारा आहे. मटण कमी करा, इथवर ठीक. पुढचा हिशेब चुकला आहे.

एक, धामणकर नाक्यावरच्या गाडीवर व्हेज बर्गर म्हणजे बटाट्याची टिक्की. 100 ग्रॅम बटाट्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. अख्खा बटाटा सालीसकट उकडला की ते बहुतेक आतच राहते. सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले तर बरेच घटते. घाईच्या वेळी गाडीवाला एवढा खटाटोप करेल?

दोन, मिठाची मर्यादा दिवसाला साधारण 5 ग्रॅम. पाव, टिक्की, सॉस, चीज, सगळ्यांत ते आहेच. लेखात सुचवलेल्या 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तात पोटॅशियम वाढलेल्यांना ते घातकच.

तीन, 'सोया टाळा, चीज चालेल' हे तर उफराटे. डाळी-सोयाबीनमधला फॉस्फरस शरीरात जेमतेम निम्मा शोषला जातो. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मिसळलेले फॉस्फेट जवळपास सगळे.

चार, डायलिसिसवरच्या रुग्णाला प्रथिने जास्त लागतात, त्याआधीच्या टप्प्यात कमी. दोघांना एकाच पंगतीला कसे बसवता?

पथ्य रक्ततपासणीचा अहवाल पाहून आहारतज्ज्ञाने ठरवायचे असते. पुढच्या अंकात तेवढी दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, धामणकर नाका, भिवंडी